सात दाण्यांचं माप

जपानी जेवणाबद्दल मराठीत जे लिहिलं जातं, त्यात कौतुकाचा सूर ठरलेला असतो: वाडग्यात शेवटचा दाणाही न ठेवण्याची शिस्त, जेवणाआधी जोडलेले हात आणि 2005 पासून केनियाच्या पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई यांनी जगभर नेलेली ‘मोत्ताइनाई’ची, म्हणजे काहीही वाया न घालवण्याची, शिकवण. या कौतुकाला एक आकडा आडवा येतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2021 साली दिलेल्या अंदाजानुसार घरात वाया जाणारं अन्न भारतात माणशी वर्षाला 50 किलो होतं, जपानात 64 किलो. या आकड्यांत साली, हाडं, बिया असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे आणि अंदाज ढोबळ आहेत. तरी एवढं दिसतंच की केवळ हात जोडल्याने अन्न वाचत नाही. हात आपणही जोडतो. श्लोक म्हणतो, पानाभोवती चित्राहुती घालतो, अन्नाला पूर्णब्रह्म मानतो. आणि पुण्यापासून तेलंगणातल्या बाजारहत्नूरपर्यंत लग्नसराईत मांडवामागे भात-वरणाचे ढीग पडतात. माझं म्हणणं असं की अन्न वाचवण्याचं काम खाणाऱ्याच्या श्रद्धेवर सोपवलं की फसतं. रांधणाऱ्याच्या आणि वाढणाऱ्याच्या मापात ते उतरलं, तरच साधतं. जपानकडून घ्यायचं असेल तर हे माप घ्यावं.

या मापाचा माग काढत गेलं की एका अनाम आचाऱ्यापाशी पोहोचायला होतं. 1223 साली दोगेन हा तरुण जपानी भिक्षू चीनच्या किनाऱ्याला लागला. जहाज आजच्या निंगबोजवळ उभं असताना एकसष्ट वर्षांचा एक चिनी भिक्षू जपानी व्यापाऱ्यांकडून अळंबी घ्यायला आला. तो ज्या डोंगरावरच्या मठातून आला, त्या डोंगराचं नाव सम्राट अशोकाच्या नावावरून पडलेलं, आणि तिथून बंदर पंधरा किलोमीटरहून अधिक दूर. तो त्या मठाचा मुख्य आचारी होता. दुसऱ्या दिवशी सणाचं जेवण होतं आणि त्यासाठी त्याला काही खास करायचं होतं. दोगेनने त्याला रात्री राहण्याचा आग्रह केला, एवढ्या मोठ्या मठात दुसरं कोणी रांधू शकणार नाही का, असं विचारलं, आणि या वयात ध्यान-अभ्यास सोडून चुलीशी कशाला झटता, असंही. म्हातारा हसला. हे काम हीच आपली साधना आहे आणि ती दुसऱ्यावर टाकता येत नाही, अशा अर्थाचं काही सांगून तो रात्रीच्या आत परत निघाला. एवढ्या भेटीने दोगेनची धर्माबद्दलची समजूत बदलली. पुढे 1237 साली त्याने मठातल्या आचाऱ्यासाठी ‘तेन्झो क्योकुन’ हा छोटा ग्रंथ लिहिला, त्यात ही भेट त्याने स्वतःच नोंदवली आहे.

ग्रंथाचा बराचसा भाग हिशेबाचा आहे, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. आज मठात किती जण आहेत, आजारी किती, वृद्धांच्या निवासात किती, बाहेर गेलेले किती, हे आचाऱ्याने आधी मोजायचं आणि त्यावरून तांदूळ काढायचे. तांदूळ स्वतः निवडायचे, स्वतः धुवायचे, एक दाणाही पाण्याबरोबर जाऊ द्यायचा नाही. 1246 साली दोगेनने जेवणाऱ्यांसाठी वेगळे नियम लिहिले. त्यांत अतृप्त भुतांसाठी थोडं अन्न आधी काढून ठेवण्याची प्रथा आहे; आपल्या चित्राहुतीची ती सख्खी बहीणच शोभेल. पण तिलाही माप आहे: भाताचे सात दाणे, त्याहून जास्त नाही. वाढप्याला ‘पुरे’ सांगायला मठात हाताची खूण असते, आणि ती दिसली की वाढप्याने थांबायचं असतं. पानावर आडवा हात धरण्याची खूण आपल्याकडेही आहे; मात्र आपला वाढपी तिला संकोच समजतो आणि बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो. खाणाऱ्याची श्रद्धा दोन्हीकडे सारखीच आहे. फरक वाढणाऱ्याला मिळालेल्या शिकवणीत आहे.

मठातली ही शहाणीव आधुनिक जपानला आपोआप मिळाली, असं मात्र नाही. खाण्याजोगं असूनही टाकलेलं अन्न 2000 साली तिथे 98 लाख टन होतं. मालाच्या टिकण्याच्या मुदतीचा पहिला एकतृतीयांश हिस्सा संपण्याआधी तो दुकानात पोहोचलाच पाहिजे, हा व्यापाराचा अलिखित नियमच कितीतरी अन्न बाद करत होता; 2012 पासून तो शिथिल करण्याचे प्रयत्न सुरू झाले. फेब्रुवारीतल्या सणाला एहोमाकी हा भाताचा जाड रोल दुकानांत ढिगाने उरायचा. जानेवारी 2019 मध्ये कृषी मंत्रालयाने दुकानदारांना मागणीपुरतेच बनवायला सांगितलं. मात्सुमोतो शहराने मेजवान्यांसाठी साधा शिरस्ता काढला: पहिली तीस मिनिटं आणि शेवटची दहा मिनिटं जागेवर बसून जेवायचं. त्या 30 आणि 10 वरून 30 ऑक्टोबर हा अन्ननासाडी घटवण्याचा दिवस झाला, आणि 1 ऑक्टोबर 2019 पासून देशव्यापी कायदा लागू झाला. 2022 साली एकूण आकडा 47.2 लाख टनांवर आला. 2030 पर्यंत निम्मं करायचं लक्ष्य कारखाने, दुकानं आणि उपाहारगृहांनी आठ वर्षं आधी गाठलं. घरांनी अजून गाठलेलं नव्हतं. करोनाने उपाहारगृहं बंद पाडली म्हणून हे झालं, असा आक्षेप येईल, आणि तो अंशतः खरा आहे. पण साथीच्या आधी, 2019 सालीच, व्यवसायांतली नासाडी 2000 सालच्या 54.7 लाख टनांवरून 30.9 लाख टनांवर आली होती. त्या एकोणीस वर्षांत घरांतली नासाडीही कमी झाली, हे मान्य. तरी आज मागे राहिली आहेत ती घरंच, जिथे मोजायला कोणी बसत नाही.

योगायोग असा की 2019 सालीच भारतात अतिरिक्त अन्नाच्या वाटपाचे विनियम निघाले आणि 1 जुलै 2020 पासून लागू झाले. उरलेलं अन्न गरजूंपर्यंत सुरक्षित कसं न्यावं, हे ते सांगतात. 2015 साली मुंबईच्या डबेवाल्यांनी सुरू केलेली रोटी बँकही याच वाटेची. भुकेल्याच्या तोंडी घास जातो, हे काम चांगलंच आहे. मात्र अन्न उरल्यानंतर ते सुरू होतं, आणि आपल्या समाजात उरलेल्या अन्नाला एक इतिहास आहे. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस आणि फेकलेलं उष्टं-शिळं खाणं सोडायला सांगितलं. चवदार तळ्याच्या पाण्याइतकाच तो मानाचा प्रश्न होता. एका घरची जास्तीची भाकरी दुसऱ्याच्या ओंजळीत टाकायची आणि त्यालाच पुण्य म्हणायचं, या रीतीवर त्यांनी बोट ठेवलं. म्हणून आपल्यासाठी तरी उरलेलं वाटण्यापेक्षा उरू न देणं अधिक सन्मानाचं आहे.

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला, आग्रह हे प्रेम आहे. आहेच, पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारायला येणं हेही प्रेमच, आणि त्यात पानात काही टाकून जावं लागत नाही. दुसरा, खेड्यात काही वाया जात नाही, गुरं-कुत्री खातात. घरच्या शिळ्या भाकरीचा कुस्करा होतो, हे खरं. पण थर्माकोलच्या ताटांसकट उकिरड्यावर गेलेल्या शेकडो लोकांच्या जेवणाला ते लागू होत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: कमी पडलं तर यजमानाची अब्रू जाते. ती भीती उपदेशाने जाणार नाही, व्यवस्थेने जाईल. पहिली पंगत बसल्यावर दुसरीचा भात टाकावा, पहिल्यांदा थोडं वाढावं, वाढप्याला हाताची खूण पाळायला शिकवावं, आणि उरलेलं मोजून पुढच्या कार्याचा अंदाज बांधावा. ‘पानात टाकू नका’ हे पाहुण्यांना सांगणारी पाटी लावणं सोपं आहे, म्हणून आपण तेवढंच करतो. पण पान भरलं कोणी, हा प्रश्न आधीचा आहे, आणि त्याचं उत्तर पाहुण्याकडे नाही, मुदपाकखान्यात आहे.