माइनक्राफ्टमध्ये किल्ला बांधताय? आधी जिना नीट बांधा!

माइनक्राफ्टमध्ये किल्ला बांधायला घेतला की आपण सगळे आधी तटबंदी उभी करतो, मग बुरूज, मग दरवाजा. जिना मात्र शेवटी, जिथे जागा उरेल तिथे. आणि मग होतं काय? सर्व्हायवलमध्ये तीन रात्री खपून जमवलेले हिरे खिशात असतात, घाईघाईत बुरुजावरून उतरताना पाय घसरतो आणि खेळ खलास. खाली पडलेलं सामान ५ मिनिटांत गायब होतं. म्हणजे नुकसान क्रीपरने नाही, आपल्याच जिन्याने केलं!

आपल्या कोल्हापुरात दिवाळीला मातीचा किल्ला करणाऱ्या पोरांना ही गोष्ट बरोब्बर माहीत असते. पायऱ्या नीट बसल्या नाहीत तर किल्ला किल्ल्यासारखा दिसतच नाही. मोबाईलवरच्या किल्ल्यालाही तेच लागू आहे. चला, एकेक मुद्दा बघू.

१. चढ किती असावा?

माइनक्राफ्टचा एक ब्लॉक म्हणजे १ मीटर. जिना करायचे तीन मार्ग आहेत.

- पूर्ण ब्लॉक: प्रत्येक पायरीला उडी मारावी लागते. उड्या मारल्या की भूक लवकर लागते, आणि टचस्क्रीनवर उडी चुकायची शक्यताही जास्त.
- स्टेअर्स ब्लॉक: अर्धा-अर्धा ब्लॉक चढत जातो, उडीची गरज नाही. चढ ४५ अंशांचा. ६ ब्लॉकमधून ४ स्टेअर्स मिळतात.
- स्लॅब: एक अर्धा स्लॅब, मग पूर्ण ब्लॉक, मग त्यावर पुन्हा स्लॅब. दर ब्लॉकला अर्धा ब्लॉक उंची, म्हणजे चढ साधारण २६.५ अंश. ३ ब्लॉकमधून ६ स्लॅब मिळतात.

आता खऱ्या इमारतींशी तुलना करा. आपल्याकडच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरातल्या जिन्याची पायरी जास्तीत जास्त १९ सेंटीमीटर उंच आणि कमीत कमी २५ सेंटीमीटर रुंद असावी असं धरलेलं आहे. हा चढ झाला सुमारे ३७ अंश. सार्वजनिक इमारतींसाठी १५ उंच आणि ३० रुंद. पंधराला तीसने भागा, उत्तर येतं अर्धा. म्हणजे स्लॅबच्या जिन्याचा चढ आणि शाळा-ऑफिसच्या जिन्याचा चढ अगदी सारखा!

म्हणून राजसभेसमोरचा, देवळासमोरचा भव्य जिना स्लॅबचा करा. तो डोळ्यांना 'खरा' वाटतो त्याचं कारण हेच. स्टेअर्स ब्लॉक बुरुजाच्या आत, जिथे जागा कमी आहे तिथे वापरा.

२. डोक्यावर जागा सोडा

आपलं पात्र १.८ ब्लॉक उंच असतं, म्हणून बोगद्याला २ ब्लॉक उंची पुरते. पण जिन्यात ती पुरत नाही. चढताना पाय पुढच्या पायरीवर गेलेले असतात आणि डोकं अजून मागच्या छताखालीच असतं, त्यामुळे आपण अडकतो. प्रत्येक पायरीच्या वर ३ ब्लॉक मोकळे ठेवा, विषय संपला.

३. पडलात तर किती लागेल?

हिशोब सोपा आहे. जितके ब्लॉक पडाल त्यातून ३ वजा करा, उरेल तितकी अर्धी हृदयं जातात. एकूण अर्धी हृदयं २०, म्हणजे २३ ब्लॉकवरून पडलात तर साधं चिलखतही वाचवत नाही.

पन्हाळ्यावर अंबरखान्यातली गंगा कोठी बघितली असेल. धान्याची ही कोठी जवळपास ३५ फूट उंच आहे आणि छतावर जायला बाहेरच्या बाजूने जिने आहेत, कारण धान्य वरच्या भोकांतून आत सोडलं जायचं. हीच कोठी गेममध्ये केली तर ती सुमारे ११ ब्लॉकची होईल. वरून पडलात तर ८ अर्धी, म्हणजे ४ हृदयं जातील. जीव वाचेल, पण खाली झॉम्बी उभा असेल तर अवघड आहे.

त्यासाठी तीन उपाय:

- उघड्या बाजूला फेन्स किंवा वॉल लावा. दिसायला ती एक ब्लॉकची असते, पण गेम तिला दीड ब्लॉक मोजतो. आपली उडी सव्वा ब्लॉकची, त्यामुळे चुकूनही पलीकडे जात नाही.
- सलग उंच जिना करू नका. दर ८-१० पायऱ्यांनंतर एक सपाट टप्पा द्या आणि तिथे वळवा.
- काम चालू असताना स्नीक चालू ठेवा. काठावरून पाय घसरत नाही.

४. उजेडाचं गणित जिन्यावर बदलतं

हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आवृत्ती १.१८ पासून राक्षस फक्त पूर्ण अंधारात, म्हणजे उजेड शून्य असेल तिथेच जन्म घेतात. टॉर्चचा उजेड १४ असतो आणि दर ब्लॉकला एकने कमी होतो. सपाटीवर तो बराच लांब पोचतो. पण ४५ अंशांच्या जिन्यावर एक पायरी म्हणजे एक ब्लॉक पुढे आणि एक वर, असे दोन ब्लॉक मोजले जातात. म्हणून तोच टॉर्च जिन्यावर निम्म्यातच, ७ पायऱ्यांत संपतो. दर १० पायऱ्यांना एक टॉर्च लावा, मध्ये अंधार राहणार नाही. टप्प्यांवर तर हवाच, कारण राक्षसांना उभं राहायला पूर्ण ब्लॉक आवडतो. खालच्या अर्ध्या स्लॅबवर ते जन्मत नाहीत, हा स्लॅबचा आणखी एक फायदा.

५. आपल्याला सोपा, शत्रूला अवघड

इथे घराचा जिना आणि किल्ल्याचा जिना वेगळे होतात. घराचा जिना सगळ्यांना सोपा हवा. किल्ल्याचा जिना आतल्यांना सोपा आणि बाहेरच्यांना त्रासाचा हवा. आपल्या पूर्वजांनी हे कोडं तीन-चार पद्धतींनी सोडवलंय.

*वळण.* रायगडचा महादरवाजा दोन बुरुजांच्या मध्ये अशा बेताने लपवलाय की लांबून तो दिसतच नाही. याला गोमुखी बांधणी म्हणतात. वर येणाऱ्याला वळावं लागतं आणि वळताना त्याच्यावर दोन्हीकडून मारा होतो. गेममध्ये स्केलेटन साधारण १५ ब्लॉकवरून बाण मारतो, पण त्याला तुम्ही दिसायला हवेत. दर ८-१० पायऱ्यांना वळण असेल तर त्याला नेमच धरता येत नाही. म्हणजे पडण्यापासून वाचवणारा टप्पा बाणांपासूनही वाचवतो.

*अरुंद आणि उभा चढ.* नाशिकजवळच्या हरिहर किल्ल्याच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या जवळपास उभ्या आहेत. हाताने धरायला बाजूला खोबण्या आहेत. एका वेळी एकच माणूस चढू शकतो, मग वर मोजकेच पहारेकरी असले तरी पुरतात. (प्रत्यक्ष जाणार असाल तर पावसाळ्यात गर्दीच्या दिवशी नको. तिथे पुन्हा जन्म घ्यायची सोय नाही.) गेममध्ये बाहेरचा जिना एकाच ब्लॉकच्या रुंदीचा ठेवा.

*दुसरी वाट.* रामचंद्रपंत अमात्यांनी कोल्हापूर दरबारासाठी १७१५ च्या सुमारास 'आज्ञापत्र' लिहिलं. त्यात गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष मानलाय. जास्तीचे दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात असं सांगितलंय. पन्हाळ्याच्या तीन दरवाज्याजवळची अंधारबाव याचा उत्तम नमुना आहे. तीन मजल्यांची काळ्या दगडाची इमारत, तळाशी पाणी, मध्ये बाहेर निघायची चोरवाट, वर राहायची जागा. म्हणजे एका जिन्यावर पाणी, पहारा आणि सुटका तिन्ही. तुमच्या किल्ल्यातही एक छुपा जिना विहिरीपर्यंत न्या.

*तोडता येणारा जिना.* १८१८ मध्ये इंग्रजांनी सह्याद्रीतल्या अनेक गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. तट पाडत बसण्यापेक्षा वाट तोडली की गड निकामी. आपण हे उलटं वापरू शकतो. शेवटच्या दोन पायऱ्या काढून तिथे २ ब्लॉकची उभी भिंत ठेवा. झॉम्बीची उडी एका ब्लॉकची, तो खालीच अडकतो. फक्त कोळी भिंत चढतो, त्याच्यासाठी वर बाहेर आलेली कड ठेवा.

गोल जिना घड्याळाच्या दिशेने वळवला की खालून येणाऱ्याचा तलवारीचा हात अडतो, असं युरोपातल्या किल्ल्यांबद्दल वाचलं असेल. इतिहासकारांमध्ये यावर वाद आहे. गेममध्ये तर वार स्क्रीनच्या मधल्या खुणेवर होतो, त्यामुळे कुठेही वळवा, फरक पडत नाही.

६. आता सजावट

पन्हाळ्याचा रंग दोन दगडांचा आहे, काळा बेसाल्ट आणि तांबूस जांभा. पायऱ्यांना कॉबल्ड डीपस्लेट घ्या, कठड्याला ग्रॅनाइट. दर पाच-सहा पायऱ्यांत एखादी मॉसी कॉबलस्टोनची घातली की पावसाळ्यातलं शेवाळ आलंच. जिन्याच्या खालच्या बाजूला उलटे स्टेअर्स लावा, ठोकळेपणा जातो. लाकडी जिना आत ठीक, पण लाव्हाजवळ नको, पेट घेतो.

बांधून झाल्यावर तपासा

१. पळत वर जा. कुठे डोकं अडतंय का?
२. पळत खाली या. कुठे कठडा सुटलाय का?
३. रात्री बाहेर उभे राहा. कुठे काळोख दिसतोय का?
४. मित्राला स्केलेटनच्या जागी उभं करा. त्याला सरळ किती पायऱ्या दिसतात?

चारही उत्तरं बरोबर आली की मग तटबंदीला हात घाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले आणि त्यात आपला पन्हाळाही आहे. कोल्हापूरहून तो २० किलोमीटरवर. पुढच्या वेळी गेलात की सेल्फी काढून झाल्यावर जरा पायऱ्या मोजा, वळणं कुठे आहेत ते बघा, फोनमध्ये फोटो घ्या. तुमच्या पुढच्या किल्ल्याचा नकाशा तिथे तयारच आहे.