खताची विद्राव्यता : नोंदींतील उणीव भरून काढावी

२० अंश सेल्सिअसला १०० लिटर शुद्ध पाण्यात सल्फेट ऑफ पोटॅश सुमारे ११ किलो विरघळते; १० अंशांस अवघे ९ किलो. न विरघळलेले खत ठिबकच्या तोट्या बुजविते. तक्त्यांतील असे आकडे शुद्ध पाण्याचे असतात, आपल्या विहिरीच्या पाण्याचे नव्हेत.

रसायनांच्या विद्राव्यतेच्या नोंदींतील अशीच उणीव भरून काढण्यास अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाचे जाँ-क्लोद ब्रॅडली यांनी २००८ साली विद्यार्थ्यांकरवी मोजमापे करवून ती सर्वांस खुली केली.

बजाजनगर परिसरातील ग्राम कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनीही एक लिटर विहिरीच्या पाण्यात तोलून थोडे थोडे खत घालावे व ढवळावे. ते तळाशी राहू लागताच वजन व पाण्याचे तापमान वहीत नोंदवावे. तापमानावाचून आकडा निरुपयोगी होय.