बटण सैल, हॉर्न बेताल

एका डिसेंबरात आम्ही चौघे सहकारी भोरहून वरंध घाटाने महाडकडे निघालो होतो. गाडी जुनी प्रीमियर पद्मिनी, आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी जपलेली. घाट लागला आणि दर डाव्या वळणावर हॉर्न आपोआप वाजू लागला. स्टीअरिंगच्या मधले बटण सैल होऊन डुगडुगत होते. वैतागून आम्ही गाडी थांबवली, हॉर्नची तार काढली आणि तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. दोन वळणे पुढे गेलो तोच पलीकडून ट्रकचा हॉर्न ऐकू आला, म्हणून कडेला थांबलो. ट्रक आम्हाला खेटून निघून गेला. त्याच्या हॉर्नने आम्ही वाचलो. आमचा तर आम्हीच बंद केला होता.

परतल्यावर बटण उघडून दुरुस्त केले. काम अर्ध्या तासाचे निघाले. पण सैल बटणाने हॉर्न बंद न पडता उलट वाजत का राहिला, हा प्रश्न त्यापेक्षा मोठा होता.

एका तारेचा परिपथ

फळ्यावर आपण घट, दिवा आणि कळ काढतो. एक तार जायची, एक यायची. गाडीत मात्र यायची तार बहुधा नसतेच. बॅटरीचे एक टोक (बहुतेक गाड्यांत ऋण टोक) जाड पट्टीने गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते आणि गाडीचा पत्राच परतीच्या तारेचे काम करतो. गॅरेजमधले मिस्त्री याला ‘अर्थ’ म्हणतात. या ‘अर्थ’चा जमिनीशी संबंध नाही, गाडी तर रबरी टायरांवर उभी असते.

आता हॉर्न पाहू. जुन्या गाड्यांत साधारण क्रम असा: बॅटरी, फ्यूज, हॉर्न, तिथून स्टीअरिंगकडे जाणारी तार, बटण आणि शेवटी सांगाडा. म्हणजे कळ हॉर्नच्या आधी नसून नंतर आहे. बटण दाबले की तार सांगाड्याला टेकते आणि परिपथ पूर्ण होतो.

स्टीअरिंग फिरते, त्यामुळे तार थेट बटणाला जोडली तर पिळवटून तुटेल. म्हणून पुष्कळ गाड्यांत चाकाखाली पितळी कडे असते आणि स्प्रिंगने दाबलेला छोटा कॉन्टॅक्ट त्यावर घासत राहतो. आजूबाजूला सगळे लोखंड. मध्ये फक्त रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या चकतीचे रोधक आवरण.

ही चकती कधीतरी झिजणार, तडकणार. कळ हॉर्नच्या आधी असती, तर बॅटरीचे धन टोकच स्टीअरिंगच्या लोखंडी नळीत आले असते. चकती फुटताच बॅटरीची दोन टोके मध्ये काहीही नसताना जोडली गेली असती, आणि फ्यूज नसेल तर तार लाल होऊन पेटली असती. पण इथे वाटेत हॉर्न आहे. चकती फुटली तर बटण दाबल्यासारखेच होते आणि हॉर्न वाजतो, एवढेच. घाटात ज्याचा वैताग आला, तो बिघाड स्वतःहून ओरडून सांगत होता.

सैलपणाची दोन रूपे

आमच्या बटणाखालची चकती एका बाजूला तडकली होती आणि स्प्रिंग दबून बसली होती. स्टीअरिंगचे चाक तिरके असते. डावीकडे वळवले की तडकलेली बाजू खाली येई, सैल बटण आपल्या वजनाने तिकडे कलंडे आणि धातूला धातू टेके.

सैल बटणाचे दुसरे रूप याच्या उलट: दाबूनही हॉर्न घोगरा वाजतो. समजा, १२ व्होल्टच्या बॅटरीवर हॉर्न ४ अँपिअर धारा घेतो; म्हणजे त्याचा सरासरी रोध ३ ओहम. गंजलेल्या, अर्धवट टेकलेल्या कॉन्टॅक्टचा रोध फक्त १ ओहम धरला, तरी एकूण रोध ४ ओहम आणि धारा ३ अँपिअर होते. हॉर्नला मिळणारी शक्ती ४८ वॅटवरून २७ वॅटवर येते. उरलेल्यापैकी ९ वॅट त्या चिमुकल्या कॉन्टॅक्टवर उष्णतेच्या रूपाने खर्च होतात. तो तापतो, अधिक काळा पडतो, रोध आणखी वाढतो. ज्या गाड्यांत रिले असतो, तिथे बटणातून फार थोडी धारा जाते, म्हणून हा त्रास कमी.

अशा वेळी पुष्कळ जण नवा हॉर्न आणतात. त्याआधी एक तपासणी करावी: हॉर्नकडून बटणाकडे जाणारी तार सोडवून, हॉर्नचे ते टोक दुसऱ्या तारेने सांगाड्याच्या उघड्या धातूला टेकवावे. हॉर्न खणखणीत वाजला, तर दोष पुढच्या वाटेत आहे. तो नेहमी बटणातच असतो असेही नाही. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलमध्ये स्टीअरिंगच्या दांड्यात एक रबरी जोड असतो. तो ओलांडणारी छोटी तार दुरुस्तीनंतर जोडायची राहिली, की बटण ठीक असूनही हॉर्न मुका होतो.

दुरुस्ती

प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. रचना गाडीगणिक वेगळी. काही बटणे मागच्या स्क्रूने बसवलेली असतात, काही नुसती दाबून. भागांचा क्रम कागदावर मांडून ठेवावा. कॉन्टॅक्ट बारीक पॉलिश पेपरने घासून पुसावेत, दबलेली स्प्रिंग आणि तडकलेली चकती बदलावी. बटण डिंकाने चिकटवू नये. डिंकाचा थर कॉन्टॅक्टवर गेला तर धाराच अडते. शेवटी बटण चारही कडांनी दाबून पाहावे आणि चाक दोन्हीकडे पूर्ण फिरवून हॉर्न गप्प राहतो ना, हे ऐकावे.

हे सारे जुन्या गाड्यांपुरते. एअरबॅग असलेल्या गाडीचे स्टीअरिंग घरी कधीही उघडू नये. तिथे बटणामागे स्फोटक पदार्थ असतो.

वर्गात करून पाहा

डब्याचे पत्र्याचे झाकण हा सांगाडा. दोन घटांच्या मालिकेचे ऋण टोक त्याला जोडा. धन टोकापासून टॉर्चचा दिवा, दिव्यापासून तार. तिचे टोक झाकणाला टेकवणे हीच कळ. या तारेचे आवरण मध्येच सोलून तो भाग झाकणाला टेकवा: दिवा लागतो. आता विचारा, दिव्याच्या आधीची तार सोलून टेकवली तर? मुलांनी आधी उत्तर लिहावे, मगच क्षणभर टेकवून पाहावे, कारण तार आणि घट तापतात. दिवा मात्र विझतो.

मुंबईतील काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हौसेने जपलेल्या पद्मिनी अजून दिसतात. एखादी शाळेच्या आसपास असेल, तर मालकाच्या परवानगीने मुलांना हॉर्नची वाट शोधू द्या. आणि आमच्यासारखी तार उपटून गाडी घाटात नेऊ नका.