पडद्यावरचा मुसलमान आणि आमचा राजिवडा

मी रत्नागिरीच्या राजिवड्यातली. घरात कोकणी बोली, शाळेत मराठी, ताटात मासे आणि तांदळाची भाकरी. पडद्यावरचा मुसलमान मात्र सुरमा घालून, गळ्यात ताईत बांधून ‘मियाँ’ म्हणत फिरतो. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त अकबर कव्वाल, तर अँथनी दारूचा गुत्ता चालवणारा. एकोप्याचा हा चित्रपट मलाही आवडतो. पण साचे त्यातही तेच.

चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १९६५च्या ‘इंधन’ कादंबरीत कोकणातलीच माणसं उभी केली, त्यांच्या हेव्यादाव्यांसकट. आम्हाला देवमाणूस करा, असं माझं म्हणणं नाही. खलनायकही चालेल; पण तो आमच्या बोलीत भांडणारा, भाऊबंदकीपायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा असू द्या.