शिक्षा व स्वयंसेवी संस्था

गुन्हेगारास शिक्षा देणे व ती अंमलात आणणे हे राज्यसंस्थेचे कार्य होय. स्वयंसेवी संस्थांना हा अधिकार नसतो. तथापि कारावासास पर्याय देणे, बंदिवासात साहाय्य करणे आणि सुटकेनंतर पुनर्वसन करणे, या तीन टप्प्यांवर त्यांचा सहभाग असतो.

परिवीक्षेचा उगमच अशा कार्यातून झाला. बॉस्टन येथील जॉन ऑगस्टस या पादत्राणे बनविणाऱ्या कारागिराने १८४१ मध्ये एका मद्यपी आरोपीस स्वतःच्या हमीवर सोडवून घेतले. इंग्लंडमध्ये १८७६ पासून मद्यपानविरोधी चर्चसंस्थेचे कार्यकर्ते न्यायालयांत काम करू लागले. १९०७ च्या अधिनियमाने तेथील परिवीक्षेस वैधानिक रूप मिळाले.

भारताच्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या (१९५८) तेराव्या कलमानुसार शासनमान्य संस्थेने दिलेली व्यक्तीही परिवीक्षा अधिकारी होऊ शकते. अपराध्याच्या परिस्थितीची चौकशी करणे, त्याच्यावर देखरेख ठेवणे व त्यास रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न करणे, ही तिची कर्तव्ये होत. मात्र अपराध्याने अटी मोडल्याचा तिचा अहवाल आल्यास, नवव्या कलमान्वये न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते. ज्याच्यापाशी मन मोकळे करावयाचे त्याच्याच अहवालावरून तुरुंगवास घडू शकतो, हा या भूमिकेतील अंतर्विरोध होय.

कारागृहातील कार्याचे स्वरूप निराळे असते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा १९९० मध्ये सुरू झालेला मुंबईतील प्रकल्प बंद्यांना कायदेविषयक साहाय्य व पुनर्वसनासाठी मदत करतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील हर्सूल मध्यवर्ती कारागृह बंदिस्त आहे, तर त्याच जिल्ह्यातील पैठण येथे १९६८ पासून खुले कारागृह आहे. खुल्या कारागृहात निवडक बंद्यांवर विश्वास टाकून शेतीसारखी कामे दिली जातात. दोन्हींचे व्यवस्थापन शासनाकडे असल्याने संस्थांना तेथे प्रशासनाच्या अनुमतीनेच काम करता येते. परिणामी गैरव्यवस्थेविरुद्ध बोलल्यास प्रवेश गमावण्याचा व मौन पाळल्यास बंद्यांचा विश्वास गमावण्याचा धोका संभवतो.

भारतीय न्याय संहितेने (२०२३; अंमल १ जुलै २०२४) काही किरकोळ गुन्ह्यांसाठी विनावेतन सामुदायिक सेवा ही शिक्षा मान्य केली. प्रथमच गुन्हा करणाऱ्याने केलेली पाच हजार रुपयांहून कमी किंमतीची चोरी, ऐवज परत केल्यास, तीत मोडते. अशी सेवा घेण्यास रुग्णालये, ग्रंथालये व सेवाभावी संस्था उपयुक्त ठरतात. मात्र शिक्षाभोग्यास फुकटचा मजूर समजण्यात आले, तर सुधारणेचा हेतू विफल होतो. म्हणून कामाचे स्वरूप, तास व तक्रारीची सोय न्यायालयाच्या आदेशातच स्पष्ट असणे आवश्यक ठरते.