ताकदीचा जमाखर्च

तुमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक कॅलेंडर टांगलेलं असेलच. त्यातल्या चौकोनांत दुधाचे आकडे असतील, सिलिंडर कधी लावलं ती तारीख असेल, कामाच्या बाईंचे खाडे असतील. महिना संपला की त्या खुणांवरून सगळ्यांचा हिशेब आपण चोख करतो. पण मला सांगा, त्या कॅलेंडरवर तुमच्या स्वतःच्या नावाचा एखादा तरी आकडा असतो का? माझ्या घरी नव्हता.

गेली चार वर्षं मात्र आमच्या कॅलेंडरच्याच खिळ्याला सुतळीने बांधलेली एक दोनशेपानी वही लोंबते आहे. तिच्या पहिल्या पानावर लिहिलंय : ‘१६ ऑगस्ट २०२१. खुर्चीतून उठबस ८, ८, ५. भिंतीवर जोर ६, ६, ४. तांदळाची पिशवी ५ किलो, जमिनीवरून १० वेळा. पाठ ठीक.’ वाचून हसू येईल तुम्हाला. तेव्हा मलाही आलं होतं. पण ही वही सुरू झाली ती काही हौसेने नव्हे.

त्याच्या आदल्या महिन्यातली गोष्ट. माझी शाळा तेव्हा मोबाईलवरच भरत होती. मी सातवीला मराठी शिकवत होते आणि न्हाणीघरातून धप्पकन आवाज आला. धावत गेले तर सासूबाई ओल्या फरशीवर बसल्या होत्या. लागलं फारसं नव्हतं, पण त्यांना उठता येईना. हे घरात नव्हते. मी त्यांच्या काखांत हात घातले आणि जोर लावला. जागच्या हलल्या नाहीत. पुन्हा लावला, तर माझ्याच पाठीत अशी कळ आली की मीही शेजारी बसले. वरच्या मजल्यावरच्या काकू आणि त्यांचा मुलगा येईपर्यंत पंधरा मिनिटं गेली. त्या पंधरा मिनिटांत सासूबाई एवढंच म्हणाल्या, “अगं, मी काही एवढी जड नाही गं.”

खरंच नव्हत्या. वजन सारं बावन्न किलो. मी पस्तीस वर्षांची, धडधाकट म्हणवणारी बाई. ते वाक्य कित्येक दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

पाठीसाठी मी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. मला वाटलं, शेक आणि विश्रांती सांगतील. त्या म्हणाल्या, “तुमच्या पाठीला विश्रांती नको, ताकद हवी आहे.” मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, “दिवसभर राबतेच की मी!” तुम्हीही हेच म्हटलं असतं, हो ना?

त्यांनी मग समजावलं ते थोडक्यात असं. घरकामाने माणूस दमतं, पण त्याने ताकद वाढतेच असं नाही. कारण बादली काल जेवढी होती तेवढीच आज असते. शरीर त्या ओझ्याला एकदा सरावलं की त्यापुढे जायचं त्याला कारणच उरत नाही. ताकद वाढायची तर ओझं थोडं थोडं वाढलं पाहिजे आणि मध्ये विश्रांतीही मिळाली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलॉर्म नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांवर हेच केलं. सैनिकाला जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढं वजन ठरवायचं, त्याच्या फेऱ्या करायच्या, आणि ताकद वाढेल तसतसा तो आकडा पुन्हा तपासून वाढवायचा. १९४५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. म्हणजे पाहा, कालचा आकडा लिहिलेला नसेल तर आजचा वाढवायचा कशावरून? वहीची गरज आहे ती इथे.

आणि वय? तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात. साठीनंतर ही उतरण आणखी तीव्र होते. पाळी गेल्यावर बायकांची हाडंही भराभर विरळ होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सर्व प्रौढांसाठी जे सांगितलं, त्यात चालण्यासारख्या व्यायामाच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस अंगातल्या सर्व मोठ्या स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम करावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. आपण संध्याकाळी चालून येतो आणि समाधान मानतो. चालणं चांगलंच, पण त्याने हातांत आणि पाठीत बळ येत नाही.

मी सोमवार आणि गुरुवार ठरवले. व्यायाम पाचच : उठबस, जोर, जमिनीवरून वजन उचलणं, एका हाताने वजन वर ओढणं, आणि दोन्ही हातांत वजन घेऊन घरभर चालणं. साधनं घरचीच. पाच लिटरचा कॅन पाण्याने भरला की झाले पाच किलो, अर्धा भरला की अडीच. याहून स्वस्त डंबेल्स कुठे मिळणार? वर्षभराने मी हातखर्चातून लोखंडी दांडा आणि चकत्या घेतल्या. सामान घरी आलं तेव्हा हे म्हणाले, “आता घरात तालीम काढणार वाटतं!” म्हटलं, बघा काय काय होतं ते.

आता त्या वहीने मला काय शिकवलं ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे आपली आठवण भारी लबाड असते. वर्ष संपलं तेव्हा मी मैत्रिणींना सांगत होते, “अगदी नियमित करते हं मी.” वही काढून मोजलं. आठवड्याचे दोन म्हणजे वर्षाचे एकशेचार दिवस. मी केले होते एकसष्ट.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्या दिवशी व्यायाम झाला नाही ती ओळ मी कोरी सोडत नसे. कामाच्या बाईंचा खाडा मांडते, मग माझा का नको? समोर कारण लिहीत असे. त्या त्रेचाळीस खाड्यांची एका रविवारी मी बेरीज केली. सणवार आणि पाहुणे चौदा. पेपर तपासणं नऊ. मुलांची आजारपणं आठ. सासूबाईंच्या दवाखान्याच्या खेपा सहा. माझं स्वतःचं आजारपण चार. कंटाळा दोन. म्हणजे स्वतःला आळशी म्हणत मी वर्ष काढलं आणि आळसाचे दिवस निघाले दोन! सदतीस दिवस घरासाठी आणि शाळेसाठी गेले होते.

मी भांडले नाही. तसं पान उघडून ह्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. यांची नोकरी हिशेबखात्यातली, आकडे पटकन वाचतात. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “सोमवार-गुरुवार डबे मी भरतो.” पहिल्या गुरुवारी मुलांच्या डब्यात नुसती पोळी आणि लोणचं गेलं, पण गेलं. दुसऱ्या वर्षी माझे त्र्याऐंशी दिवस झाले. तोंडाने दहा वेळा सांगून जे झालं नव्हतं ते एका बेरजेने झालं.

तिसरी गोष्ट दुखण्याची. २०२२ च्या दिवाळीत माझा उजवा गुडघा दुखायला लागला. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून मी सोडूनच देणार होते. पण मागची पानं चाळली तर कारण सापडलं. बैठका घेताना हातातलं वजन मी एकाच आठवड्यात दहावरून पंधरा किलोवर नेलं होतं, कारण मधली चकती माझ्याकडे नव्हती. पुन्हा दहावर आले, महिन्याने सव्वा किलोच्या दोन चकत्या आणल्या, साडेबारा केले. गुडघा गप्प बसला. वही नसती तर बिचाऱ्या वयावर आळ गेला असता.

चौथी, धीराची. ओट्याच्या कडेवर हात टेकून घ्यायचे जोर अकरा महिने नऊवरच अडले होते. वहीत जेवणही लिहायला लागले, तेव्हा कळलं की सकाळी माझ्या पोटात चहा आणि खारी याशिवाय काही नसतं. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या हिशेबाप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. माझं वजन अठ्ठावन्न, म्हणजे रोज अठ्ठेचाळीस ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढीच. मी सकाळी मोड आलेली मटकी किंवा अंडं आणि रात्री वाटीभर दही सुरू केलं. तीन महिन्यांनी नवाचे बारा झाले. नुसत्या खाण्याने झाले असं मी म्हणणार नाही, त्याच काळात परीक्षा संपून झोपही नीट मिळू लागली होती. पण दोन्ही गोष्टी वहीतूनच दिसल्या.

पाळीच्या दिवसांसमोर मी फक्त एक ठिपका देते. माझ्या बाबतीत आदले दोन दिवस आकडा उतरतो आणि पुढच्या आठवड्यात आपोआप जागेवर येतो. पूर्वी अशा एका वाईट दिवसावरून मी “जमत नाही आपल्याला” म्हणून मोकळी झाले असते.

आज वहीत जमिनीवरून उचललेल्या वजनापुढे पन्नास किलो असं लिहिलेलं आहे. तुम्ही म्हणाल, चला, आता सासूबाई पडल्या तर उचलाल! मलाही तसंच वाटायचं. पण खरं सांगू? पडलेलं माणूस म्हणजे लोखंडी दांडा नव्हे. आणि फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला नंतर शिकवलं की पडलेल्याला काखेत धरून ओढायचंच नसतं. आधी शांतपणे विचारायचं, कुठे दुखतंय? डोक्याला मार असेल, पाय हलवता येत नसेल किंवा कमरेत जोराची कळ असेल, तर हलवायचं नाही आणि १०८ ला फोन करायचा. तसं काही नसेल तर त्यांना कुशीवर वळू द्यायचं, मग हात-गुडघ्यांवर येऊ द्यायचं. समोर भक्कम खुर्ची ठेवायची. खुर्चीच्या बैठकीवर हात, एक पाऊल पुढे, आणि त्यांनी स्वतःच्या जोराने उठायचं. आपण फक्त आधार द्यायचा आणि मागे दुसरी खुर्ची सरकवायची.

म्हणजे त्या दिवशी कमी पडली ती माझी एकटीचीच ताकद नव्हती. सासूबाईंच्या पायांतलं बळही गेलेलं होतं, आणि ते कधी गेलं हे आम्हा कोणालाच कळलं नव्हतं. कसं कळणार? ते कोणी मांडून ठेवलंच नव्हतं.

आता या वयात काय व्हायचंय, असं त्याच म्हणाल्या. तेव्हा मी त्यांना बॉस्टनची गोष्ट सांगितली. १९९० साली तिथल्या संशोधकांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम दिले. ज्यांनी ते पुरे केले त्यांच्या पायांची ताकद सरासरीने दुपटीहून जास्त झाली आणि दोघांनी तर चालताना काठी घेणं सोडलं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वहीचं मागचं पान उलटं करून त्यांनी वर ‘श्री’ लिहिलं आणि खाली आपलं नाव.

तुम्हालाही सुरुवात करायची असेल तर एवढं ध्यानात ठेवा :

साधी वही आणि पेन्सिल घ्या. वही डोळ्यांसमोर टांगा, कपाटात ठेवाल तर ती तिथेच राहील.

तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा, आणि शेवटी एक शब्द : सोपं, बरं किंवा जड. दोन दिवस लागोपाठ ‘सोपं’ आलं तरच वाढवा, आणि तेही थोडंसंच.

खाडा झाला तर कारण लिहा. खोटं लिहू नका, वही काही कोणाला दाखवायची नसते. दाखवावीशी वाटली तर गोष्ट वेगळी!

काट्यावरचं आपलं वजन या वहीत नको. ही वही बारीक होण्याची नाही.

वजन उचलताना श्वास कोंडू नका, उचलताना सोडा. रक्तदाब, हृदयविकार, ठिसूळ हाडं किंवा नुकतंच बाळंतपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सांध्यात टोचणारी कळ आली की थांबा.

तीन महिन्यांच्या आत निकाल मागू नका. वर्षाने पहिलं पान उघडा.

परवा सासूबाईंचं पान पाहिलं. पंचाहत्तरी आली आता त्यांची. सुरुवातीला हातांचा आधार घेऊन चार वेळा उठायच्या. गेल्या सोमवारी लिहिलंय : ‘हात न लावता ७.’ आणि गुरुवारी, ठसठशीत अक्षरात : ‘खाडा. कारण : सून माहेरी, पोळ्या मला कराव्या लागल्या.’