सर्व्हरच्या परीक्षेला चक्क्याचं फडकं

श्रीखंडासाठी चक्का बांधायला आपण जे विरळ सुती फडकं घेतो, तसंच कापड सर्व्हरच्या सुरक्षा-चाचणीत पंचाचं काम करतं! लाकडी फळीवर टिश्यू पेपर अंथरायचा, त्यावर मशीन ठेवायचं, वरून हे कापड पांघरायचं आणि मग मुद्दाम बिघाड घडवायचा. पंखा जाम करा, हवेच्या फटी झाका, आतला एखादा सुटा भाग शॉर्ट करा. फ्यूज उडाला, मशीन कायमचं गेलं, तरी चालतं. कापडाने पेट घेतला की मात्र नापास. मशीन टिकतं का, हा इथे प्रश्नच नसतो. शेजारचा माणूस सुखरूप राहतो का, एवढंच बघतात.

अशा चाचण्यांच्या लॅबमध्ये एक बोटही असतं. धातूचं, 12 मिलिमीटर जाड, 80 मिलिमीटर लांब आणि आपल्या बोटासारखं सांध्यांत वाकणारं. प्रत्येक फटीत, प्रत्येक भोकात ते घालून बघतात. धोकादायक व्होल्टेजपर्यंत पोहोचलं, तर डिझाइन बदला! लहान मुलांचा वावर असेल तिथल्या उपकरणांसाठी आणखी बारीक बोट वापरतात.

मग येतो पोलादी गोळा. वजन अर्धा किलो, व्यास 50 मिलिमीटर. 1.3 मीटर उंचीवरून तो थेट मशीनच्या खोक्यावर सोडतात. पोचा आला तर येऊ दे, आतली वीज उघडी पडता कामा नये.

सर्व्हर ज्या उभ्या चौकटीत एकावर एक बसवतात, त्या रॅकची रुंदी 19 इंच, म्हणजे 482.6 मिलिमीटर. उंची मोजायची ती ‘यू’मध्ये, एक यू म्हणजे 44.45 मिलिमीटर. हे माप टेलिफोन एक्स्चेंजच्या जमान्यातलं, सुमारे शंभर वर्षांपूर्वीचं. आजचा सर्व्हरही त्याच चौकटीत बसतो.

रॅकची खास चाचणी मला सगळ्यांत आवडते. सर्व्हर रुळांवरून ड्रॉवरसारखा बाहेर ओढतात आणि त्याच्या वजनाच्या निम्मा भार, शिवाय किमान 330 न्यूटनचा जोर, एक मिनिट त्याच्यावर टाकतात. का? कारण अरुंद बोळात काम करणारा टेक्निशियन दुसरं मशीन बसवताना ते क्षणभर याच ड्रॉवरवर टेकवतो. कधी स्वतःच रेलतो. ‘असं करू नका’ असं पुस्तिकेत छापून मोकळं होणं सोपं होतं. मानक लिहिणाऱ्यांनी तसं केलं नाही. माणूस खरोखर कसा वागतो ते पाहून रुळांनाच मजबूत व्हायला लावलं. त्याबद्दल त्यांना मनापासून दाद द्यायला हवी.

आता अर्थिंग. चांगल्या पॉवर सप्लायमधूनही थोडा करंट अर्थच्या वायरीत झिरपतो. त्याची नेहमीची मर्यादा 3.5 मिलिअँपिअर. एका मशीनचं हे काहीच नाही. पण एका रॅकमध्ये वीस-तीस मशीनं असली, तर सगळ्यांचं झिरपणं एकाच वायरीत साचतं. ती वायर तुटली, की रॅकला हात लावणाऱ्याच्या अंगातून ते वाट काढणार. म्हणून झिरपण्याची मर्यादा ओलांडणाऱ्या मशीनवर ‘आधी अर्थ जोडा, मगच वीज’ अशा अर्थाची ताकीद छापावीच लागते. ती ताकीद पुसली जाऊ नये याचीही परीक्षा असते, बरं का: पाण्यात भिजवलेल्या कापडाने 15 सेकंद आणि पेट्रोलियम स्पिरिटने 15 सेकंद घासायचं. अक्षरं वाचता आली पाहिजेत.

उंचीचाही हिशेब ठेवावा लागतो! उंचावरची विरळ हवा विजेला नीट अडवत नाही, म्हणून 5000 मीटरवर चालवायच्या उपकरणात दोन तारांमधलं हवेतलं अंतर जवळजवळ दीडपट ठेवतात. चीनमध्ये 2000 मीटरच्या आतच वापरायच्या उपकरणांवर डोंगराचं चिन्ह छापलेलं दिसतं. उष्ण-दमट देशांत जाणाऱ्या मशीनला तर 40 अंश तापमान आणि 93 टक्के आर्द्रतेत 120 तास कोंडतात, आणि मग इन्सुलेशनची परीक्षा. मुंबईच्या पावसाळ्यात राहिलेल्याला त्यामागचं कारण सांगायला नको.

ही विद्या जुनी. शिकागोच्या 1893च्या जागतिक प्रदर्शनातल्या विजेच्या रोषणाईने विमा कंपन्यांना आगीची धास्ती घातली, आणि त्यातूनच विल्यम मेरिल या तरुण इंजिनिअरने 1894 मध्ये ‘यूएल’ या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेचा पाया घातला. आपल्याकडे 2012च्या आदेशाने सर्व्हरसारख्या उपकरणांची बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी सक्तीची झाली. अशा चाचण्यांसाठी अंधेरीच्या एमआयडीसीत सरकारी प्रयोगशाळाही आहे.

तुमच्या ऑफिसात रॅक असेल तर उद्याच एकदा बघा. मशीनवर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. सर्वांत जड मशीन सर्वांत खाली आहे ना, रॅकची अर्थ वायर घट्ट आहे ना, हेही पाहा. आणि एका वेळी एकच मशीन बाहेर ओढा.